आई-बाबांनंतर दादा कुठे राहील?

निळाई
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा मोठा भाऊ ३९ वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्व, प्रमाणपत्रावर 'मध्यम'. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली. मग एका कार्यशाळेत फायली, कागदी पिशव्या करायला जायचा. करोनात ती बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून घरी. बाबा ७६, राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त. आई ७१, दोन्ही गुडघे गेलेले. मी पुण्यात, नवरा, दोन मुली, दोन बेडरूमचं घर.

नातेवाईक विचारतात, "तू नेशीलच ना त्याला?" मी हो म्हणते. पण डोंबिवलीत त्याचं स्वतःचं एक आयुष्य आहे. सकाळी आमच्या आणि वरच्या काकूंच्या दुधाच्या पिशव्या तोच आणतो. मग खालच्या इस्त्रीवाल्याकडे बसून कपडे मोजतो (दहापर्यंत बरोबर, पुढचं इस्त्रीवाला सांभाळून घेतो). गणपतीत मंडळाच्या आरतीला झांज त्याच्याकडेच. पुण्यात अकराव्या मजल्यावर तो काय करणार? टीव्ही लावेल आणि मी ऑफिसातून येईपर्यंत दाराकडे बघत बसेल.

कागदपत्रांची माहिती हवीच आहे. पण ज्यांनी हे घरात निभावलंय त्यांनी हेही सांगा: राहायचं कुठे, दिवसभर करायचं काय आणि आपली माणसं कुठून आणायची?

खडीसाखर
आधी कागद, कारण ते नसले की बाकीचं सगळं अडतं.

मूल अठराचं झालं की आई-वडील कायद्यानं त्याचे पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत ठाऊकच नसतं. बँकेत किंवा दवाखान्यात सही मागतात तेव्हा समजतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (लोक नॅशनल ट्रस्ट म्हणतात) जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कायदेशीर पालक ही समिती नेमते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. माझ्या बहिणीसाठी आई आणि मी अशा दोघींची नावं लावली, म्हणजे आईचं वय झालं तरी खंड नाही.

नेमणूक म्हणजे मालकी नव्हे. नेमल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशोब. पालक नीट वागत नसेल तर समिती त्याला काढू शकते.

हा कायदा बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. घरात स्किझोफ्रेनियाचा पेशंट असेल तर हा रस्ता नाही, त्यासाठी २०१७चा मानसिक आरोग्य कायदा वेगळा आहे. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि चकरा मारत राहतात.

त्याच न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा काढा. वर्षाला एक लाखापर्यंत, आधीच्या आजारांची अट नाही, थेरपीचाही काही खर्च मिळतो. युडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) नसेल तर आधी ते.

पेन्शनर
बाबा राज्य सरकारी म्हणालात म्हणून लिहितो. मी कोषागारात होतो.

अपंगत्वामुळे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं, त्याला वयाची अट नाही. क्रम असा, की आधी आईला, तिच्यानंतर त्याला. पण त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र बाबा हयात असतानाच कार्यालयात गेलेलं बरं. दोघंही गेल्यावर भावंडं येतात तेव्हा मूळ सेवापुस्तक सापडत नाही, कार्यालयाचं नाव बदललेलं असतं, प्रमाणपत्र जुन्या नमुन्यातलं निघतं. पैसे बुडत नाहीत, पण दोन-दोन वर्षं अडकतात. बाबांना सोबत घेऊन जा, कागद द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका!

आणखी एक. बाबा अजून जुन्या कररचनेत असतील तर अवलंबून असलेल्या अपंग माणसासाठी आयकरात (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. नव्या रचनेत ती नाही.

निळाई
दोघांचे आभार. पेन्शनचं आम्हाला माहीतच नव्हतं. पालकत्वाचा विषय काढला की बाबा चिडतात. "मी जिवंत असताना माझ्या पोराचा दुसरा पालक कशाला?"

खडीसाखर
दुसरा नाही, पहिलेही तेच. अर्जात बाबांचंच नाव आधी लावायचं, हे सांगून बघा. आमच्याकडे त्यावरच गाडी पुढे सरकली.

संस्कार_७०
विषय नाजूक आहे, पण स्पष्ट बोलतो. पूर्वी एकत्र कुटुंबात असं एखादं माणूस असलं तरी कुणाला भार वाटत नसे. चार घास तोही खायचा. आता फ्लॅट आले, भाऊबहिणी लांब गेले आणि संस्था शोधणं सुरू झालं. सख्खा भाऊ आहे, त्याला घरातच ठेवावं.

वऱ्हाडकर
संस्कारभाऊ, तुमचं एकत्र कुटुंब मी पाहिलं आहे. माझा चुलता त्यात होता. चार घास मिळत, खरं आहे. गोठ्याच्या बाजूच्या खोलीत मिळत. घरी पाहुणे आले की त्याला वावरात पाठवत. सात-बाऱ्यावरचं त्याचं नाव कोणत्या साली गेलं हे घरातल्या एकाही मोठ्या माणसानं आजवर सांगितलं नाही. भार वाटत नसे, कारण सगळा भार माझ्या आजीवर आणि नंतर माझ्या आईवर होता. त्या दोघींना कोणी विचारलं नव्हतं.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो, कारण इथं सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. २०२४ला पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात वाचलं असेल. टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरं त्यांनी सांभाळली, स्वतःचं आडनाव दिलं. त्यांची जुनी मागणी हीच, की अठरा वर्षं झाली म्हणून बेवारस दिव्यांग मुलाला बालगृहातून काढू नका, त्याला राहू देणारा कायदा करा. अठराव्या वाढदिवसाला त्याची बुद्धी काही वाढत नाही. कागदावर मात्र तो 'बालक' राहत नाही.

खेड्यात कार्यशाळा नाही, थेरपी नाही. संजय गांधी निराधारचे पैसे येतात तेवढेच. पण एक आहे. आमच्या गावातला असाच एक पोरगा बकऱ्या चारतो, लोक त्याला नावानं हाक मारतात. चुकला तर कोणीही घरी आणून सोडतो. निळाईताईचा इस्त्रीवाला वाचून तो आठवला. अर्थात त्याच गावात त्याला दारू पाजून नाचवणारेही आहेत. खेडं म्हणजे सगळं गोडच, असं समजू नका.

सावरी
संस्थांबद्दल मी लिहिते. आम्ही दीर आणि सासूबाईंना घेऊन बऱ्याच जागा पाहिल्यात.

निळाई, तुमच्या तर अगदी जवळ आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, बदलापूरला 'आधार'. दोन्ही पालकांनी एकत्र येऊन उभी केलेली. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, आणि शाळेतली मुलं मोठी झाल्यावर काय, या प्रश्नातून तिथेही पुढे निवासी 'घरकुल' आलं. आपल्याकडे प्रौढांसाठी जे काही चांगलं झालंय ते बहुतेक असंच झालंय. आधी शाळा, मग कार्यशाळा, मग पालक म्हातारे व्हायला लागल्यावर घर. सरकार मागून आलं, जिथे आलं तिथे. आणि चांगल्या ठिकाणी जागा चटकन मिळत नाही, हे धरून चाला.

कुठेही गेलात तर चकाचक फरशी बघू नका. दुपारी तीनच्या सुमारास, न कळवता जा. त्या वेळी मुलं (मुलं कसली, केस पांढरे झालेली माणसं) काय करतायत ते बघा. सगळे भिंतीला टेकून बसलेले असतील तर निघून या. प्रत्येकाचं स्वतःचं कपाट आहे का? अंगावर स्वतःचे कपडे आहेत की ढिगातले? घरच्यांना कधीही फोन करता येतो का? रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, बायकांच्या विभागात रात्री बाई असते का? औषधाची वही दाखवा म्हणा. एका ठिकाणी आम्हाला आत खोल्यांपर्यंत जाऊच दिलं नाही. "मुलं डिस्टर्ब होतात," म्हणे. तिथे आम्ही परत गेलो नाही.

दीर आता एका निवासी ठिकाणी आहेत. सुरुवातीला शनिवार-रविवार, मग आठवडाभर, मग महिना. सासूबाई हयात असतानाच. त्या गेल्यावर आई नाही आणि घरही नाही असं दोन्ही एकदम त्यांच्यावर कोसळलं नाही.

संस्कार_७०
माझ्या म्हणण्याचा विपर्यास होतोय. थांबतो.

डॉ_खेळिया
निळाई, दादाला डाउन सिंड्रोम आहे का? असेल तर आत्ताच थायरॉइड, कान आणि झोपेतला श्वास तपासून घ्या. चाळिशी-पन्नाशीतच स्मृतिभ्रंश सुरू होण्याचा धोका या लोकांत इतरांपेक्षा बराच जास्त असतो. "अलीकडे हट्टी झालाय, काम करत नाही" असं घरचे सांगतात आणि तपासणीत थायरॉइड निघतो, कधी ऐकूच येत नसतं, कधी दाढ किडलेली असते. दुखतंय हे नीट सांगता येत नाही म्हणून चिडचिड होते. डाउन नसलं तरी वर्षातून एकदा दात आणि रक्त तपासाच.

निळाई
डाउन नाही. पण दाढेचं वाचून चमकले, गेल्या महिन्यापासून एकाच बाजूनं जेवतोय. उद्याच बाबांना सांगते.

विशेष_शिक्षिका
बरीच वर्षं प्रौढांच्या कार्यशाळेत आहे, म्हणून "दिवसभर काय" यावर.

कार्यशाळा म्हटलं की दिवाळीच्या पणत्या, उटणं, फिनेल, डस्टर. वाईट नाही, पण त्यात एक चलाखी असते. ऐंशी टक्के काम शिक्षक करतात आणि विद्यार्थी रंगाचा शेवटचा हात मारतो. ग्राहक कौतुकानं घेतो, "देवाची मुलं किती छान करतात!" मला हे ऐकवत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला देवाचं मूल म्हटलं की त्याला पगार द्यायचा प्रश्नच उरत नाही.

उलट चांगलं उदाहरण म्हणजे मुंबईत जुहूला कॅफे अर्पण. यश चॅरिटेबल ट्रस्टनं आधी डब्यांचं काम सुरू केलं, मग २०१८मध्ये कॅफे. तिथे स्वमग्न आणि इतर बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं खरोखरचं काम करतात. कामाचे बारीक बारीक तुकडे करून ज्याला जे जमतं ते दिलं की जमतं. प्रत्येक गावात कॅफे निघणार नाही, पण तुमच्या दादाकडे आजच एक जागा आहे. इस्त्रीचं दुकान! त्या माणसाशी नीट बोला. दहा-दहाच्या थप्प्या करायला शिकवा, म्हणजे दहापर्यंतची मोजणी पुरते. ठरलेली वेळ ठेवा, ठरलेले पैसे ठेवा. हवं तर सुरुवातीला ते पैसे तुम्ही इस्त्रीवाल्याला द्या, त्यानं दादाच्या हातात द्यावेत.

प्रवास शिकवा. एकच रस्ता, रोज, आधी सोबत, मग दहा पावलं मागून, मग समोरच्या फुटपाथवरून. खिशात नाव आणि फोनचं कार्ड. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. ती वापरून बाहेर काढा त्याला.

मुली-बहिणी असलेल्यांसाठी एक वाक्य, कारण हा विषय कुणी काढत नाही. १९९४मध्ये शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससूनमध्ये काढली होती, पाळीची स्वच्छता राखता येत नाही म्हणून. महाराष्ट्रभर आरडाओरडा झाला तेव्हा. पाळी शिकवता येते. चित्रांची पट्टी, कॅलेंडर आणि चिकाटी लागते. "काढून टाकू का" असं विचारणारे पालक मला आजही भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं २००९मध्ये चंडीगढच्या प्रकरणात सांगितलंय, की सौम्य किंवा मध्यम बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ बाईचा गर्भपातही तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही.

पश्चिमकिनारा
व्हँकुव्हरहून. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

इथल्या काही पालकांनी १९८९मध्ये प्लॅन नावाची संस्था काढली, प्रश्न अगदी हाच, आमच्यानंतर काय. त्यांचं म्हणणं असं, की पगारी माणूस नोकरी बदलतो, संस्थेचं धोरण बदलतं, म्हणून पैसे न घेता आयुष्यात असणारी पाच-सहा माणसं आधी जमवा. शेजारी, चुलत भाऊ, जुनी शिक्षिका, देवळातले कोणी. ती माणसं अधूनमधून भेटतात, एकमेकांचे नंबर ठेवतात. एक बँकेचं बघतो, एक दवाखान्याचं, एक नुसता सिनेमाला नेतो. आणि हे आपोआप होत नाही. बोलावणं धाडणारं, भेटी लावून देणारं कुणीतरी लागतं, त्यासाठी संस्था माणूस देते.

दुसरं कायद्याचं. ब्रिटिश कोलंबियात 'रिप्रेझेंटेशन अॅग्रीमेंट' आहे. पालक नेमून सगळे अधिकार काढून घेण्याऐवजी ती व्यक्ती स्वतः सांगते, की निर्णय घ्यायला मला अमुक माणूस मदत करेल. भारतातही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आलंय, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, त्या व्यक्तीशी बोलून. पण राष्ट्रीय न्यासाची जुनी पद्धत शेजारी चालूच आहे, त्यामुळे दोन कायदे दोन दिशांना तोंड करून उभे. खडीसाखर यांनी सांगितलेलं करू नका असं मी म्हणत नाही, बँकेला तोच कागद कळतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. समूहगृहात जागा मिळायला रांग इथेही असते. आणि मावशीच्या मुलाला इकडे आणायचं म्हणून चौकशी केली होती, ते जवळपास अशक्य आहे. "परदेशातल्या भावाकडे पाठवा" असा सल्ला कुणी देत असेल तर तो विसरा.

चिंगी
माझ्या भावाला (३४, सौम्य) हा धागा वाचून दाखवला. एका कँटीनमध्ये काम करतो. त्याला लिहायचं होतं, तो बोलला ते तसंच टाकतेय:

"मी कामाला जातो. पगार बँकेत येतो. एटीएमचा पिन मी कोणाला सांगत नाही, आईला पण नाही. मी एकदा संस्थेत राहिलो. जेवण चांगलं होतं. पण नऊ वाजता लाइट बंद. मॅच संपली नव्हती. मला तिथे राहायचं नाही. मला मित्राबरोबर राहायचंय, एक काका पाहिजे गॅस बघायला. मी मत देतो. तुम्ही सगळे लिहिताय पण दादाला विचारलं का?"

वऱ्हाडकर
मॅच संपायच्या आधी लाइट बंद! मीही राहिलो नसतो.

सावरी
चिंगी, भावाला सांगा, आम्ही दिरांना सलग दोन ठिकाणी नेलं आणि निवड त्यांच्यावर सोडली. त्यांनी निवडलेल्या ठिकाणी इमारत जुनी आहे, पण कुत्रा आहे.

पश्चिमकिनारा
"एक काका गॅस बघायला." इथे याला 'सपोर्टेड लिव्हिंग' म्हणून मोठमोठे अहवाल लिहितात.

पेन्शनर
ते सगळं ठीक आहे, पण काकाला पगार कोण देणार? मी पैशाचा माणूस, म्हणून विचारतो. घर दादाच्या नावावर केलं आणि तो एकटा राहिला, तर महिन्याभरात कुणीतरी सही घेऊन जाईल. थेट नावावर करू नका. मृत्युपत्रातून ट्रस्ट करा, त्यात दोन-तीन विश्वस्त ठेवा, सगळे एकाच घरातले नकोत. घर ट्रस्टचं, राहायचा हक्क दादाचा, भाडं किंवा व्याज येईल त्यातून काकाचा पगार. कराचा दर ट्रस्ट कसा लिहिलाय त्यावर ठरतो, म्हणून वकील आणि सीए दोघांना दाखवून. मृत्युपत्रात "माझ्यानंतर मुलीनं सांभाळावं" एवढंच लिहिलेलं मी खूप पाहिलंय. ते वाचून मुलगी रडते, बँक काही करत नाही.

निळाई
मधे चार-पाच दिवस डोंबिवलीला होते.

दाढ किडलेलीच होती, काढली. आता दोन्ही बाजूंनी जेवतोय आणि चिडचिड निम्म्यावर आली. डॉक्टरसाहेब, धन्यवाद.

दादाला विचारलं. सरळ "कुठे राहणार" म्हटलं तर तो नुसता हसला. मग विशेष शिक्षिकांनी म्हटलं तसे तुकडे केले. पुण्याच्या माझ्या घराचा फोटो, खोणीच्या घरकुलाचा, आमच्या डोंबिवलीच्या घराचा. पुण्याच्या फोटोवर माझ्या मुलींवर बोट ठेवलं आणि म्हणाला "दिवाळी." म्हणजे दिवाळीला येईन. डोंबिवलीचा फोटो खिशात घालून घेतला. बाबा समोर होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पेन्शनची फाइल काढून बसले.

तर सध्या असं ठरतंय. निवृत्तिवेतनाचा अर्ज बाबा आणि मी पुढच्या आठवड्यात देतोय (पोच घेऊ!). पालकत्वाच्या अर्जात बाबा आणि मी. घरकुलात नाव नोंदवता येईल का ते विचारणार, आणि जमत असेल तर अधूनमधून दोन दिवस राहून बघणार, कारण आई आजारी पडली तर हाताशी काहीतरी हवं. इस्त्रीवाल्याशी बोलले. तो म्हणाला, "ताई, पैसे तुम्ही कशाला देता, रोज चहा-नाष्टा आणि शनिवारी शंभर मी देतो, पण वेळेवर यायला सांगा." दादा पहिल्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा.

रविवारी संध्याकाळी वरच्या काकू, इस्त्रीवाला, मंडळाचा सेक्रेटरी आणि दादाच्या शाळेच्या जुन्या बाई, सगळ्यांना घरी पोह्यांना बोलावलंय. त्या पाच-सहा माणसांचं जमतंय का ते बघायचं. काय बोलायचं मात्र सुचत नाहीये. कुणी अशी बैठक घेतली असेल तर सांगा, सुरुवात कशी केलीत?

सावरी
दादालाच सुरुवात करू द्या. पोहे त्याला वाढायला सांगा. आणि पहिल्याच दिवशी कुणावर काम टाकू नका, फक्त सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला लावा.

खडीसाखर
त्या कागदावर रक्तगट आणि औषधंही लिहा.

कोपर_गल्ली
इतके दिवस फक्त वाचत होतो. मी डोंबिवलीतच, पश्चिमेला. माझी बहीण ४४ची, ती दिवसभर घरी असते, तिला कुणाची सोबत नाही. पोहे झाल्यावर कधीतरी दोघांना भेटवता येईल का? निळाई, तुम्हाला मेसेज केलाय.